परशुरामाचा बाण ते पणसायमळचे चक्र : दंतकथा आणि गूढे कशी तपासावीत

गोव्यात वाढलेल्या मराठी मुलांना भूगोलाच्या पुस्तकाआधी एक गोष्ट ऐकायला मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर उभे राहून परशुरामाने समुद्रावर बाण सोडला, तो जिथे पडला तिथपर्यंत समुद्र मागे हटला, आणि पाण्यातून वर आलेली ती भूमी म्हणजे आपला गोमंतक. बाण पडला ती बाणावली. ही गोष्ट मी फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या सोप्यावर आजीकडून ऐकली, आणि बाणावलीच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा बाण नेमका कुठे पडला असेल याचा वाळूत खरोखर शोध घेतला. पुढे शाळेत खडक आणि हिमयुगे शिकताना प्रश्न पडला की आजीची गोष्ट खोटी मानायची का. आज मला वाटते की तो प्रश्नच अपुरा होता. ‘खरे की खोटे’ एवढेच विचारले तर दंतकथा गप्प बसते. ही गोष्ट कोणी, कधी, कशासाठी सांगितली आणि तिच्या आधी काय घडले होते, असे विचारले तर ती बोलू लागते. जगभरातल्या काही दंतकथांना आणि न उलगडलेल्या गूढांना हे प्रश्न कसे विचारले गेले, ते या लेखात पाहू.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. जग, भूमी, माणूस कसा निर्माण झाला हे देवदैत्यांच्या कृतींतून सांगते ती पुराकथा. एखाद्या ठरावीक जागेला, व्यक्तीला किंवा काळाला चिकटलेली आणि सांगणाऱ्याने खरी मानलेली ती आख्यायिका किंवा दंतकथा. ‘आटपाट नगर होतं’ अशी सुरुवात करणारी कहाणी मात्र ऐकणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगून टाकते की हे नगर नकाशावर शोधू नका. आणि गूढ या सर्वांहून वेगळे आहे: तिथे काहीतरी घडलेले असते किंवा एखादी वस्तू समोर असते, पुरावाही हाती असतो, पण त्या पुराव्याचा अर्थ लागलेला नसतो. परशुरामाचा बाण पुराकथेत मोडतो, बाणावलीचे नाव आख्यायिकेत, आणि सांगे तालुक्यातल्या कातळावर कोरलेले एक चक्र, ज्याकडे मी शेवटी येणार आहे, ते गूढात.

परशुरामाच्या कथेपुढे भूविज्ञान ठेवले तर पहिली गोष्ट दिसते ती ही, की समुद्राची चाल कथेच्या उलट आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपात अडकून पडलेले असल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा अंदाजे १२० मीटर खाली होती. त्या वेळी आपला किनारा आजच्या किनाऱ्याच्या कितीतरी पश्चिमेला होता. बर्फ वितळत गेला तसा समुद्र पुढे सरकत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीजवळ पोहोचला. म्हणजे या किनाऱ्यावरच्या माणसाने जर काही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले असेल, तर ते मुख्यतः समुद्राने जमीन गिळण्याचे दृश्य.

मग समुद्र मागे हटल्याची गोष्ट आली कुठून? याचे एक उत्तर मला आपल्या खाजनांमध्ये दिसते. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठी भरतीचे खारे पाणी जिथे पसरत असे, तिथे माणसांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घातले, बांधात मानस नावाची लाकडी दारे बसवली, आणि भरतीला मिटणाऱ्या व ओहोटीला उघडणाऱ्या त्या दारांच्या आधारे मागच्या जमिनीत कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात पिकवले. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. ती सर्व अक्षरशः समुद्राकडून परत घेतलेली आहे, आणि त्यामागे बाण नसून शेकडो वर्षांचे सामूहिक कष्ट आणि गावकारीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या कारभाराचे, नियम आहेत. परशुरामकथा खाजनांवरूनच जन्मली असा दावा मी करणार नाही, कारण हीच कथा केरळातही आहे. तिथे परशुराम बाणाऐवजी परशू फेकतो आणि गोकर्णापासून कन्याकुमारीपर्यंतची भूमी वर येते. परंतु गोव्यात आणि केरळात या कथेचा पुढचा भाग सारखाच आहे: वर आलेली जमीन परशुराम ब्राह्मणांना वाटून देतो. इथे कथेचे आणखी एक काम उघड होते. जमीन कोणाची, आणि ती कोणी कोणाला दिली, याचे ते एक जुने अधिकारपत्रही आहे. भूमीच्या जन्माची कथा वाचताना जमिनीची मालकी कोणाच्या हाती जाते इकडे लक्ष ठेवावे, असे मला यातून शिकायला मिळाले.

कथेत प्रत्यक्ष घटनेची आठवण जपली जाते का, या प्रश्नाचे जगातले सर्वांत स्पष्ट उत्तर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दिले आहे. आजच्या वॉशिंग्टन राज्यापासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटापर्यंत राहणाऱ्या मूळ रहिवाशांमध्ये मेघगर्जना करणारा महाकाय पक्षी आणि देवमासा यांच्या झुंजीच्या कथा आहेत. त्यांच्या झटापटीत जमीन हादरते, समुद्र आत घुसतो. काही कथांत तर एका हिवाळ्यातल्या रात्री भूकंपापाठोपाठ आलेल्या लाटेने खाडीकाठची आख्खी वस्ती नेल्याचे सांगितले आहे. युरोपीय वसाहतवाल्यांनी त्या भागात एवढा मोठा भूकंप कधी अनुभवलाच नव्हता, त्यामुळे बराच काळ या कथा केवळ कल्पनाविलास मानल्या गेल्या.

१९८०च्या दशकात भूवैज्ञानिकांना त्या किनाऱ्यावर उभ्या-उभ्या मेलेल्या रेड सीडर जातीच्या वृक्षांची बने दिसली. भूकंपात जमीन एकाएकी एक-दोन मीटर खचल्यामुळे खारे पाणी मुळांशी आले आणि ती झाडे मेली होती. खोडांतली वर्तुळे मोजल्यावर झाडांनी शेवटची वाढ १६९९ साली केली होती असे निघाले. त्याच वेळी प्रशांत महासागराच्या पलीकडे, जपानमध्ये, अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दप्तरांत एक कोडे पडून होते: जानेवारी १७००च्या अखेरीस जपानच्या पूर्व किनाऱ्यावर त्सुनामी आली होती, घरे वाहून गेली होती, पण तिच्या आधी कोणालाही भूकंप जाणवला नव्हता. भूकंपाविना आलेली म्हणून तिला ‘अनाथ त्सुनामी’ म्हणत. १९९६ साली जपानी शास्त्रज्ञांनी हे दोन धागे जोडले. लाटेला महासागर ओलांडायला लागणारा सुमारे दहा तासांचा वेळ तिच्या जपानमधील आगमनाच्या वेळेतून वजा केला, तेव्हा उत्तर आले: २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास, सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप. हिवाळा, रात्र, हादरा आणि मग लाट. मूळ रहिवाशांच्या कथेने जे सांगितले होते त्यातल्या मुख्य गोष्टी एकेक करून जुळल्या. पक्षी आणि मासा शास्त्रज्ञांना सापडले नाहीत, आणि सापडायचे कारणही नव्हते. त्यांच्यामुळे तर ही आठवण नातवंडांच्या लक्षात राहण्याजोगी झाली होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कथेला कथेने दुजोरा मिळाला असता तर त्याला फारसे वजन नव्हते. झाडांची वर्तुळे, मातीखालचा समुद्री वाळूचा थर आणि हजारो किलोमीटरांवरच्या परक्या भाषेतल्या नोंदी, या तिन्ही साक्षीदारांची आपसांत कधी गाठ पडलेली नव्हती, आणि तरी त्यांनी एकच तारीख सांगितली. दंतकथा तपासण्याची खरी कसोटी ही स्वतंत्र साक्षींची आहे.

त्याच खंडात, ओरेगॉन राज्यात, क्लॅमथ लोक सांगतात की पाताळाचा स्वामी लाओ आणि आकाशाचा स्वामी स्केल यांचे युद्ध झाले, आग आणि तापलेले दगड बरसले, आणि शेवटी लाओचा पर्वत आत कोसळून तिथे खोल तळे झाले. ते तळे आज क्रेटर लेक म्हणून ओळखले जाते. त्याची खोली ५९४ मीटर आहे, आणि सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा नावाचा ज्वालामुखी फुटून त्याचा माथा आत ढासळल्याने ते तयार झाले. त्या भागातल्या एका गुहेत, याच ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली, झुडपाच्या सालीपासून विणलेल्या चपला सापडल्या आहेत. माणसे त्या काळी तिथे राहत होती याला त्या चपलांहून मोठा पुरावा काय हवा? ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील आदिवासींच्या, समुद्राने जमीन बुडवल्याच्या कथांचाही असाच अभ्यास झाला आहे. एकवीस ठिकाणच्या कथा तपासून दोन अभ्यासकांनी असे मांडले की त्यांत सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रवाढीची स्मृती टिकली असावी. इतका काळ मौखिक आठवण तग धरते का, याबद्दल काही विद्वानांना शंका आहे, आणि ती शंका रास्त आहे. पण कोणत्या आप्ताने कोणती गोष्ट बरोबर सांगितली हे तपासत राहण्याची त्या समाजांतली शिस्त पाहता हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

याच्या उलट टोकाला अटलांटिस आहे. समुद्रात बुडालेल्या या वैभवशाली बेटाची गोष्ट ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आपल्या दोन संवादांत सांगितली. त्याच्या आधीच्या कोणत्याही ग्रीक ग्रंथात तिचा मागमूस नाही; कोणत्याही किनाऱ्यावरच्या लोकांनी ती परंपरेने सांगितलेली नाही. गर्विष्ठ सत्तेचा नाश कसा होतो हे सांगण्यासाठी एका तत्त्वज्ञाने रचलेली ती दृष्टांतकथा होती. १८८२ साली एका अमेरिकन राजकारण्याने तिला इतिहास ठरवणारे पुस्तक लिहिले आणि तेव्हापासून जगाच्या नकाशावर बेट शोधण्याची रीघ लागली. आपल्या हिंदी महासागरातली लेमुरिया तर त्याहून नवी आहे. मादागास्कर आणि भारत या दोन्ही ठिकाणी लेमुरसारख्या प्राण्यांचे अवशेष कसे आढळतात, हे समजावण्यासाठी १८६४ साली एका इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने मधल्या बुडालेल्या भूखंडाची कल्पना मांडली. भूपट्ट सरकतात हे विसाव्या शतकात सिद्ध झाल्यावर त्या भूखंडाची गरजच उरली नाही, कारण भारत आणि मादागास्कर मुळातच एकमेकांना जोडलेले होते. पण तोवर विज्ञानाने टाकून दिलेली ही कल्पना लोकांनी प्राचीन परंपरा म्हणून उचलून धरली होती. एखादी दंतकथा तपासताना तिचा सर्वांत जुना लिखित किंवा मौखिक पुरावा किती जुना आहे हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

काही कथा मात्र भूतकाळाविषयी मुळी काही म्हणतच नाहीत. आपल्या गावागावांत राखणदार आहे. रात्री खांद्यावर घोंगडे आणि हातात दंडा घेऊन तो सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो, आणि बांधाची किंवा देवराईची नासधूस करणाऱ्याला शासन करतो. त्याच्या दंड्याचा आवाज ऐकल्याचे सांगणारे लोक आजही भेटतात. हा अनुभव खरा की भास, यावर वाद घालण्यापेक्षा ही श्रद्धा जिथे जिथे आहे तिथे काय टिकले ते पाहावे असे मला वाटते. सत्तरीतल्या केरी येथील आजोबाची राय ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही: काठीही न तोडण्याच्या नियमामुळे तिथे जुने जंगल आणि पाण्याचे झरे टिकून आहेत. आयर्लंडमध्येही अगदी हेच घडले आहे. तिथल्या शेतांत मध्ययुगातल्या वस्त्यांची हजारो गोल मातीची वेढी शिल्लक आहेत, कारण ती परीलोकांची घरे आहेत या समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी त्यांवर नांगर घातला नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात एका परीच्या झुडपासाठी महामार्गाच्या आराखड्यात बदल करण्यात आला. नियम कागदावर लिहिला असता तर तो इतकी शतके पाळला गेला असता का, याचा विचार व्हावा.

आता गूढांकडे वळू. गूढ बहुतेकदा दोन थरांचे असते: आतला थर प्रत्यक्ष घटनेचा, आणि त्यावर चढलेला दुसरा थर नंतरच्या सांगणाऱ्यांचा. आमच्याकडे बोटीवर नोकरीला जाणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि गोव्यात असे घर क्वचितच असेल की ज्याचा कोणी ना कोणी तारवटी नाही. त्यामुळे मेरी सेलेस्ट जहाजाची गोष्ट इथे अनेकांनी ऐकलेली असते. गरम चहाचे पेले टेबलावर, न्याहारी अर्धवट खाल्लेली, होड्या जागच्या जागी, आणि जहाजावर एकही माणूस नाही, अशी ती सांगितली जाते.

नोंदी काय म्हणतात ते पाहू. हे जहाज ७ नोव्हेंबर १८७२ रोजी १,७०१ पिंपे अल्कोहोल घेऊन न्यूयॉर्कहून इटलीतल्या जिनोआकडे निघाले. जहाजावर कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्यांची पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी अशी दहा माणसे होती. ४ डिसेंबरला अझोर बेटे आणि पोर्तुगाल यांच्यामधल्या समुद्रात दुसऱ्या एका जहाजाला ते शिडे अर्धवट फाटलेल्या स्थितीत भरकटताना दिसले. त्यावर गरम चहा नव्हता. नोंदवहीतली शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, म्हणजे नऊ दिवस जुनी होती. होडी जागेवर नव्हती, ती गेलेली होती. तळात साडेतीन फूट पाणी होते, पाण्याची पातळी मोजण्याची काठी डेकवर पडलेली होती, आणि पुढे माल उतरवताना नऊ पिंपे रिकामी आढळली. चहाचे पेले कुठून आले? १८८४ साली तेव्हा तरुण असलेल्या आर्थर कॉनन डॉयल यांनी या घटनेवरून एक काल्पनिक कथा लिहिली, जहाजाचे नाव किंचित बदलून ‘मारी सेलेस्ट’ केले, त्यात होड्या जहाजावरच ठेवल्या, आणि अनेक वाचकांनी ती खरी हकिकत समजली. पुढच्या सांगणाऱ्यांनी न्याहारी वाढली.

नंतरचा थर काढून टाकला की उरलेला प्रश्न लहान आणि अधिक करुण होतो. अल्कोहोलच्या वाफा साठून स्फोट होईल या भीतीने, किंवा जहाज बुडत असल्याच्या चुकीच्या अंदाजाने, कप्तानाने सर्वांना घाईने होडीत उतरवले असावे आणि मग वाऱ्याने जहाज त्यांच्यापासून दूर नेले असावे, हे आज सर्वांत संभाव्य मानले जाते. पण त्या दहा जणांचे काय झाले हे निश्चित कोणालाही सांगता येणार नाही, आणि त्यांच्यात एक दोन वर्षांची मुलगी होती हे विसरून ही गोष्ट रंजनासाठी सांगितली जाते याचे मला वाईट वाटते.

अटलांटिक महासागरात जिथे जहाजे गूढपणे नाहीशी होतात असे म्हणतात, त्या बर्म्युडा त्रिकोणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर हे नावच १९६४ साली एका मासिकातल्या लेखातून आले. १९७० च्या दशकात अॅरिझोनातले ग्रंथपाल लॉरेन्स कूश यांनी अशी प्रत्येक घटना त्या-त्या दिवसाच्या वर्तमानपत्रांत आणि हवामानाच्या नोंदींत शोधून काढली, तेव्हा ‘शांत समुद्रात’ नाहीशी झालेली कित्येक जहाजे वादळात सापडलेली होती, काही त्रिकोणाच्या बाहेर बुडाली होती, आणि काहींचा बुडाल्याचा पुरावाच नव्हता.

गूढ उलगडते म्हणजे नेमके काय होते, याचे उत्तम उदाहरण मात्र परदेशात शोधायला नको. ते जुन्या गोव्यात आहे. सेंट ऑगस्टीन चर्चचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी त्याच्याभोवतीचे अवशेषही पाहिले असतील. १८४२ साली त्या चर्चचे छत कोसळले आणि पुढच्या शतकभरात बाकीची इमारतही ढासळत गेली. तिथली मोठी घंटा आज पणजीच्या मुख्य चर्चमध्ये वाजते. या ढिगाऱ्यात एका राणीचे अवशेष असावेत, असे जॉर्जिया देशातले लोक सांगत होते.

राणी केतेवान ही कॉकेशस पर्वतातल्या काखेती राज्याची राणी. इराणचा शाह अब्बास याने तिला अनेक वर्षे बंदिवासात ठेवले आणि धर्मांतरास नकार दिल्याने १६२४ साली शिराझमध्ये छळ करून तिला ठार करण्यात आले. तिच्या देशात ती संत मानली जाते. त्या वेळी शिराझमध्ये असलेल्या ऑगस्टीनियन धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष गुपचूप मिळवले आणि १६२७ साली त्यांतला काही भाग गोव्यातल्या आपल्या मठात आणला, असे पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेले होते. त्या कागदांत जागाही सांगितली होती: मठातल्या एका प्रार्थनागृहात, खिडकीजवळ, दगडी पेटीत. पण छत कोसळलेल्या इमारतीत खिडकी कुठली आणि भिंत कुठली हे कोण ओळखणार? जॉर्जियातून शोधपथके आली आणि रिकाम्या हातांनी परतली.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ढिगारा हळूहळू उपसून मठाचा नकाशा पुन्हा मांडला, आणि २००४च्या सुमारास कागदपत्रांतल्या वर्णनाशी जुळणाऱ्या जागी हाडाचे तुकडे मिळाले. एवढ्यावर समाधान मानता आले असते. पण मठात पुरलेल्या धर्मगुरूंची हाडेही तिथेच असू शकत होती, म्हणून तुकडे हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीमध्ये, तपासणीसाठी गेले. माणसाच्या पेशींत आईकडूनच येणारा एक विशिष्ट डीएनए असतो. त्याच्या वळणावरून आईच्या वंशाची भौगोलिक दिशा कळते. एका हाडात ‘यू१बी’ नावाचा गट आढळला. भारतीय उपखंडातल्या २२ हजारांहून अधिक लोकांच्या नमुन्यांत तो गट सापडला नव्हता. जॉर्जियातल्या लोकांत मात्र तो होता. हाडावर राणीचे नाव लिहिलेले नव्हते, आणि डीएनए कधी नाव सांगत नाही. पण सतराव्या शतकातले कागद, कागदांनी सांगितलेली जागा आणि त्या जागी मिळालेल्या हाडाचा वंश, हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर झाडांनी, वाळूने आणि जपानी दप्तरांनी जे केले, तेच इथे कागद, जागा आणि हाड यांनी केले. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अवशेषांचा काही भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

आणि आता सांग्यातले चक्र. रिवणजवळ, कुशावती नदीच्या काठावर, पणसायमळ नावाच्या जागी जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सपाट कातळ आहे आणि त्यावर शंभराहून अधिक आकृत्या कोरलेल्या आहेत: वशिंडाचे बैल, हरणे, मोर, माणसे, एक नाचणारी स्त्री. गावातल्या लोकांना त्या आधीपासून माहीत होत्या. संशोधकांसमोर त्या १९९३ साली आल्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कातळशिल्पांच्या त्या बहिणी आहेत, आणि त्या शिल्पांबरोबरच पणसायमळचे नावही युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले आहे. या आकृत्यांमध्ये एक आकृती प्राण्याची नाही, माणसाचीही नाही. एका केंद्राभोवती वळणावर वळणे घेत आत जाणारी ती वाट आहे.

अशी वाट जगात किती ठिकाणी भेटावी! ग्रीसमधल्या पायलॉस येथे इसवी सनापूर्वी सुमारे १२०० च्या एका मातीच्या पाटीवर ती आहे. पाटीच्या दुसऱ्या बाजूला शेळ्यांचा हिशेब आहे. क्रीट बेटावरच्या नोसोसच्या नाण्यांवर ती आहे. स्पेनच्या गॅलिशियातल्या खडकांवर, स्वीडन आणि फिनलंडच्या किनाऱ्यांवर दगड मांडून केलेल्या रचनांत, अमेरिकेतल्या होपी लोकांच्या चिन्हांत ती आहे. कर्नाटकात हळेबिडूच्या होयसळेश्वर मंदिरावर अभिमन्यू ज्यात शिरतो तो चक्रव्यूह याच तऱ्हेने कोरला आहे. हे सर्व पाहिल्यावर कोणीही विचारील की इतक्या दूरदूरच्या माणसांना एकच आकृती सुचली कशी, आणि इथेच समुद्र ओलांडणाऱ्या हरवलेल्या संस्कृतींच्या गोष्टी सुरू होतात.

त्याआधी ती आकृती स्वतः काढून पाहावी. मधोमध अधिकचे चिन्ह काढावे. त्याच्या चार कोपऱ्यांत चार काटकोन काढावेत आणि प्रत्येक काटकोनाच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक ठिपका द्यावा. मग चिन्हाच्या वरच्या टोकापासून शेजारच्या काटकोनाच्या टोकापर्यंत कमान काढावी, नंतर त्यांच्या दोन्ही बाजूंची पुढची दोन टोके दुसऱ्या, मोठ्या कमानीने जोडावीत, आणि टोके संपेपर्यंत असेच जात राहावे. सात वेढ्यांची, केंद्रापर्यंत नेणारी एक अखंड वाट तयार होते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कोणत्याही बाईला ही कृती एकदा पाहून येईल. मी ती अंगणात काढली तेव्हा आईने बोट न टेकवता नजरेनेच वाट चालून पाहिली आणि विचारले, “फाटे तर कुठेच नाहीत, मग यात हरवायचं कसं?” तिचा प्रश्न अभ्यासकांच्या कामाचा आहे. भूलभुलैयात फाटे असतात आणि माणूस चुकतो. या आकृतीत वाट एकच असते, ती केंद्रापासून पुन्हा पुन्हा दूर नेते, पण चालत राहिले तर पोहोचवतेच. ही माणसाला अडकवायची रचना नव्हे.

इतकी सोपी कृती असलेली आकृती हातोहात दूर जाऊ शकते, आणि दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचूही शकते. म्हणून केवळ सारखेपणावरून नाते सांगता येत नाही. नाते सांगायचे तर वळणांची संख्या, वाट डावीकडे वळते की उजवीकडे, आणि केंद्रात काय आहे अशा बारकाव्यांची तुलना करावी लागते, आणि आधी काळ ठरावा लागतो. पणसायमळला अडते ते इथे. कार्बनच्या पद्धतीने काळ ठरवायला कोळसा, हाड, लाकूड असे काही सेंद्रिय लागते. जांभ्यात कोरलेल्या रेषेत तसे काहीच नसते, आणि नदीचे पाणी दर पावसाळ्यात तो कातळ धुऊन काढते. केतेवानच्या बाबतीत कागद होते, अमेरिकेच्या किनाऱ्यावर झाडे होती. इथे दगडाशिवाय दुसरा साक्षीदार अजून उभा राहिलेला नाही. जवळपासच्या मातीच्या थरांत हत्यारे किंवा चुलीची राख मिळाली आणि तिचा या आकृत्यांशी संबंध दाखवता आला, तर तो मिळेल. म्हणून त्या परिसरातली माती न हलवणे आणि रेषा खडूने किंवा रंगाने न गिरवणे फार महत्त्वाचे आहे.

जायचे असेल तर पावसाळा संपल्यावर, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. माथ्यावरच्या उन्हात त्या उथळ रेषा दिसत नाहीत. ऊन तिरपे झाले की कातळावर आधी बैलाचे वशिंड उमटते, मग मोर, आणि मग ती वाट. तिच्या तोंडाशी कातळावरच बसावे आणि नजरेने चालू लागावे. आईने अंगणात केले तसे, बोट न टेकवता.